मम्मी, तू रांगेत का येत नाहीस?

मावशी,

मी मूळची वसईची कॅथलिक, लग्नानंतर पुण्यात. नवरा हिंदू. २०१२ मध्ये आम्ही रजिस्टर लग्न केलं. तेव्हा दोन्ही घरांत इतकी आदळआपट चालू होती की चर्चमध्ये काही करण्याचं बळच उरलं नाही. मुलगी वर्षाची असताना तिचा बाप्तिस्मा मात्र वसईला झाला, नवऱ्याच्या संमतीने. आता ती नऊ वर्षांची आहे आणि मे महिन्यात तिचं पहिलं कम्युनियन आहे, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची भाकर ती पहिल्यांदा घेणार. मी दर रविवारी तिच्याबरोबर मिस्साला, म्हणजे चर्चच्या उपासनेला जाते, पण कम्युनियनच्या वेळी बाकावरच बसून राहते. परवा तिने विचारलं, “मम्मी, तू रांगेत का येत नाहीस?” मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. तेरा वर्षांत मी कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, गेलेले नाही. जायची इच्छा आहे, पण फादर काय म्हणतील याची भीती वाटते. मुलीला सात संस्कार शिकवायला बसले तर मलाच ओळीने सांगता येईनात. शेवटचा संस्कार आठवला, मधलेच विसरले. आणि एक छोटी गोष्ट. सासूबाई साताऱ्याहून येणार आहेत. त्या विचारतात, “प्रसाद आम्हालाही मिळेल ना?” त्यांना काय सांगू?

– एक वाचक, पुणे

बाळा,

तू पत्रभर कन्फेशनची भीती घेऊन बसली आहेस, पण तुझी गाठ कन्फेशनच्या पेटीत पडलेली नाही. ती पॅरिशच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चच्या, कचेरीत आहे आणि कागदांनी सुटणारी आहे. हे आधी सांगते, कारण पंचवीस वर्षं पहिल्या कम्युनियनचा वर्ग घेताना तुझ्यासारख्या कितीतरी आया मी मागच्या बाकावर पाहिल्या. बहुतेकींना वाटायचं, आपल्याला चर्चने वाळीत टाकलंय. तसं काही झालेलं नाही. तुला कोणी चर्चबाहेर काढलेलं नाही. मिस्सा तुझी आहे, प्रार्थना तुझी आहे, मुलीला वाढवण्याचा हक्क आणि जबाबदारीही तुझीच.

मग अडलंय काय? सरकारदरबारी तुझं लग्न पूर्ण कायदेशीर आहे. चर्चच्या हिशेबी मात्र त्यात दोन गोष्टी राहून गेल्या. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करताना कॅथलिक माणसाला बिशपांकडून सूट घ्यावी लागते. ती घेतली नाही. आणि धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर शपथ झाली नाही. म्हणून त्या दफ्तरात तुझं लग्न झालेलंच नाही. एवढ्यासाठी तू कम्युनियन घेत नाहीस, आणि न घेता नियम पाळलास हे बरंच केलंस. पण तेरा वर्षं कोणाला विचारलं नाहीस, हे मात्र मला पटलं नाही. विचारलं असतंस तर ही गाठ कधीच सुटली असती.

ती सोडवायचे दोन रस्ते आहेत. पहिला नेहमीचा: सूट घ्यायची आणि चर्चमध्ये फादर व दोन साक्षीदारांसमोर तुम्ही दोघांनी पुन्हा संमती द्यायची. वरात नको, बँड नको. एखाद्या संध्याकाळी दहा माणसांत होतं. दुसरा रस्ता फारसा कोणाला माहीत नसतो. त्याला लॅटिनमध्ये ‘सानात्सिओ इन रादिचे’ म्हणतात, म्हणजे मुळापासून बरं करणं. यात नवा विधी नसतो, नव्याने शपथ नसते. २०१२ साली तुम्ही एकमेकांना जी संमती दिली ती खरी होती आणि आजही टिकून आहे, एवढं पाहून बिशप लेखी आदेशाने ते लग्न वैध ठरवतात, आणि त्याचा परिणाम मागे त्या दिवसापर्यंत पोचतो. तुझा नवरा “तुला हवं ते कर, पण मला पुन्हा नवरदेव करू नकोस” म्हणणारा असेल, तर फादरांना या रस्त्याबद्दल जरूर विचार. कोणता लागू करायचा हे ते आणि बिशपांचं कार्यालय ठरवेल.

इथे नवरे मंडळी हमखास बिचकतात, म्हणून स्पष्ट लिहिते. त्याला धर्म बदलावा लागत नाही. वचन द्यावं लागतं ते तुला: मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं यासाठी माझ्याकडून होईल ते करीन. त्याने सही करून तसंच वचन द्यावं, असा नियम पूर्वी होता. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तो काढला. आता तू काय वचन दिलंस हे त्याला माहीत असणं पुरतं. तुमच्या घरात तर ते वचन आठ वर्षांपासून पाळलंच जातंय.

आणखी एक बारकावा, कारण तू संस्कार समजून घ्यायला निघाली आहेस. हे सगळं झाल्यावर तुझं लग्न चर्चच्या नजरेत खरं आणि वैध असेल, पण काटेकोर अर्थाने तो विवाह संस्कार नसेल. त्यासाठी दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असावा लागतो. याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुला कम्युनियनपर्यंत पोचायला लग्न वैध असणं पुरेसं आहे.

कागद फार नाहीत. रजिस्टर लग्नाचा दाखला, आणि तुझ्या बाप्तिस्म्याचा नवा दाखला. आईच्या ट्रंकेत जपून ठेवलेला जुना पिवळा कागद चालत नाही. अलीकडे काढलेला लागतो, कारण बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत तुझ्या नावाशेजारी दृढीकरण, लग्न अशा पुढच्या नोंदी होत जातात आणि तिथे दुसरं काही लिहिलेलं नाही ना, हे त्यांना पाहायचं असतं. म्हणजे वसईची एक फेरी आली. बाकी तुमच्या फादरांना लागेल ते ते सांगतील. आणि मे महिन्याच्या आत सगळं उरकेलच असं धरून चालू नकोस. कधी लवकर होतं, कधी महिने जातात. मुलीचं कम्युनियन मात्र तुझ्या कागदांसाठी एक दिवसही पुढे ढकलू नकोस. तिचा बाप्तिस्मा तिचा आहे, तिचं कम्युनियनही तिचंच.

आता कन्फेशन. क्रम लक्षात ठेव: आधी फादरांच्या कचेरीत बोलणं, मग लग्नाचा मार्ग, मग कन्फेशन, मग कम्युनियन. पेटीत शिरून तिथे लग्नाचा गुंता उलगडायला बसलीस तर मागे रांग खोळंबेल आणि तुझंही समाधान होणार नाही. गाठ सुटली की जा. तेरा वर्षांची डायरी वाचून दाखवायची नसते. गंभीर वाटतात त्या गोष्टी, काय आणि साधारण किती वेळा, आठवतील तशा सांगायच्या. मनापासून आठवूनही जे राहून गेलं, त्याचीही क्षमा होते. मुद्दाम लपवलेलं मात्र सगळ्यावर पाणी फिरवतं. मराठीत बोल, वसईच्या बोलीत बोल, सुरुवातीलाच सांग, “फादर, तेरा वर्षं झाली, कसं करायचं तेही विसरले.” हे वाक्य ऐकून चिडणारे फादर मी पाहिलेले नाहीत. आपल्या पॅरिशमध्ये अवघडल्यासारखं होत असेल तर दुसऱ्या चर्चमध्ये जाळीमागून कर, चेहराही दिसत नाही.

ते बाहेर कोणाला कळेल ही भीती असेल तर ती सोड. कन्फेशनमध्ये ऐकलेलं धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाही, ना नवऱ्याला, ना बिशपांना, ना कोर्टात. त्याने ते जाणूनबुजून फोडलं तर तो त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो, निराळा निवाडा लागत नाही. चर्चच्या नियमांत एवढे कडक नियम थोडेच आहेत.

मे महिन्यापर्यंत तुझं काम झालं नाही तर काय? तर त्या दिवशी बाकावर बसून राहू नकोस. रांगेत मुलीच्या मागे उभी राहा आणि फादरांसमोर पोचलीस की दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेव. याचा अर्थ, मला कम्युनियन नको, आशीर्वाद द्या. आदल्या दिवशी फादरांच्या कानावर घालून ठेव म्हणजे गोंधळ होणार नाही. आणि मुलीला गुडघ्याची गोष्ट पुन्हा सांगू नकोस. पहिल्या कन्फेशनच्या तयारीत असलेल्या पोरीला आईने थाप मारायची, म्हणजे कमालच झाली! तिला म्हण, “माझं आणि पप्पांचं लग्न चर्चच्या वहीत लिहायचं राहिलंय. ते लिहून झालं की मीही येणार. तू माझ्यासाठी प्रार्थना कर.” नऊ वर्षांच्या मुलीला एवढं कळतं. तिला आणखी काय विचारायचं ते ती विचारेल.

तिच्या तयारीचं म्हणशील, तर पाठांतर धर्मशिक्षणाच्या वर्गात होईल, तू त्याची काळजी करू नकोस. नऊ वर्षांच्या मुलीला काय कळतं, असं घरात कोणी म्हणालं तर सांग की १९१० साली पोप दहावे पायस यांनीच हे वय खाली आणलं; त्याआधी बऱ्याच देशांत मुलं बारा-चौदा वर्षांची होईपर्यंत थांबायची. त्यांचं म्हणणं साधं होतं: मूल साधारण सात वर्षांचं झालं, ही भाकर आपल्या रोजच्या भाकरीसारखी नाही एवढं त्याला उमगलं, की ते तयार आहे. तर तेवढंच तिच्याशी बोल. शेवटच्या भोजनाची गोष्ट जेवणाच्या टेबलावर सांग. भाकर मोडून येशू म्हणाला, हे माझं शरीर आहे. आपण ते शब्दशः खरं धरतो, निशाणी म्हणून नाही. हे बोलताना तुझा आवाज कसा येतो, तेवढंच तिच्या लक्षात राहील.

बाकी तयारी हाताची. डावा तळहात वर, उजवा त्याखाली. फादर “ख्रिस्ताचे शरीर” म्हणाले की “आमेन” मोठ्याने, ओठांत पुटपुटायचं नाही. तिथेच तोंडात घ्यायचं, बाकावर घेऊन यायचं नाही. चव कागदासारखी लागते हे आधीच सांग, कारण गव्हाचं पीठ आणि पाणी याशिवाय त्यात काही नसतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाने वेदीपुढेच तोंड वाकडं केलं होतं. वर्गात सिस्टर साध्या, अर्पण न झालेल्या चकत्यांवर सराव करून घेतात, तो चुकवू नकोस. आणि उपवास आता फक्त एक तासाचा, १९६४ पासून. पाणी आणि औषध चालतं. माझी आई मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता तीन मैल चालत पहाटेच्या मिस्साला जायची, हे सांगून पोरीला घाबरवू नकोस. मी माझ्या मुलांना सांगून पाहिलं, काही उपयोग झाला नाही.

कम्युनियनच्या आधी तिचं पहिलं कन्फेशन होईल. त्यासाठी तिला पापांची यादी लिहून देऊ नकोस. मला माझ्या आत्याने दहा आज्ञा पाठ करवल्या होत्या आणि मी आठ वर्षांची असताना फादरांना गंभीरपणे सांगितलं की मी शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरला. आमच्या शेजाऱ्यांचा बैल खरंच देखणा होता, पण लोभ मला कधी वाटला नव्हता. मुलीला फक्त चूक आणि पाप यांतला फरक कळू दे. दूध सांडणं ही चूक. मांजराने सांडलं म्हणणं, आणि खोटं आहे हे माहीत असताना म्हणणं, हे पाप. मग ती स्वतःच शोधेल. बाहेर आल्यावर “काय सांगितलंस?” असं विचारायचं नाही. कधीही नाही. आजीने विचारलं तरी तूच मध्ये पड.

सात संस्कारांचं तुझं कोडं मी थोडक्यात सोडवते. ओळीने पाठ करण्यापेक्षा आयुष्याच्या वाटेवर मांडून बघ. जन्माला आलीस: स्नानसंस्कार, ज्याला आपण बाप्तिस्मा म्हणतो. भूक लागली: ख्रिस्तप्रसाद, कम्युनियन. मोठी होऊन श्रद्धा स्वतःच्या पायावर उभी राहिली: दृढीकरण. घसरलीस: कन्फेशन. आजारी पडलीस: रुग्णांचा तैलाभ्यंग. घर मांडलंस: विवाह. आणि हे सगळं इतरांना देता यावं म्हणून काही जणांना मिळते ती धर्मगुरू होण्याची गुरुदीक्षा. यांतले बाप्तिस्मा, दृढीकरण आणि गुरुदीक्षा आयुष्यात एकदाच होतात, त्यांचा ठसा पुसत नाही. म्हणून तर तेरा वर्षांनी परतणाऱ्या तुला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही.

तू मात्र तैलाभ्यंगाला ‘शेवटचा संस्कार’ म्हणालीस, तिथे मी थबकले. आमच्याकडेही तसंच म्हणायचे, आणि म्हणून माझे वडील महिनाभर अंथरुणाला खिळलेले असताना काकांनी फादरांना बोलावू दिलं नाही: “त्यांना बघून दादाचा धीर सुटेल.” शेवटी बोलावलं तेव्हा वडिलांना शुद्ध नव्हती. हा संस्कार आजाऱ्यासाठी आहे. गंभीर आजार, मोठं ऑपरेशन, म्हातारपणाची क्षीणता, कशासाठीही घेता येतो, बरं होऊन पुन्हा आजारी पडलं तर पुन्हा घेता येतो. तुझ्या वसईच्या घरात कोणी थकलेलं असेल तर हे तिथेही सांग.

आता सासूबाई. तू याला छोटी गोष्ट म्हणालीस, मला ती पत्रातली सर्वांत नाजूक वाटली. आपण मराठीत ख्रिस्तप्रसाद म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. सातारच्या बाईंच्या घरी प्रसाद म्हणजे जो दारात येईल त्याला द्यायचा, आणि कोणी दिला तर नाकारायचा नाही. सत्यनारायणाचा शिरा जात विचारून कोणी वाटत नाही. मग नातीच्या सोहळ्यात रांगेतून आपल्यालाच परत पाठवलं तर त्या बाईंना काय वाटेल? म्हणून चर्चच्या दारात नको, आठवडाभर आधी, चहा घेताना बोल. सांग की हा वाटायचा प्रसाद नाही. आम्ही यात देवालाच आत घेतो असं मानतो, आणि जो घेतो तो ‘मी हे सगळं मानतो’ असं म्हणून घेतो. “तुम्ही न मानता ते म्हणावं, असं आम्ही तुमच्याकडून मागणार नाही.” आणि पुढे तूच म्हण, “मीसुद्धा अजून घेत नाही, आई.” माझी खात्री आहे, या वाक्यापुढे त्यांचा निम्मा रुसवा उरणार नाही. त्यांना पुढच्या रांगेत बसव. उभं राहायचं तेव्हा त्या उभ्या राहतील. गुडघे टेकायच्या वेळी बसल्या तरी कोणी काही म्हणत नाही. मिस्सानंतर घरी केक कापाल तो पहिला तुकडा त्यांच्या हातात दे. त्यांनी बरोबर कंदी पेढे आणले तर ते सगळ्यांना वाट.

त्यांच्या मनात दुसरा प्रश्न असेल, तोंडावर विचारणार नाहीत: नातीला आता ‘ख्रिश्चन करताहेत’ का? ते आठ वर्षांपूर्वीच झालं, त्यांच्या मुलाच्या संमतीने. मे महिन्यात फक्त पंगतीत तिचं पान मांडलं जातंय. मुंज, नामकरण हे त्यांना ठाऊक असलेले शब्द आहेत, सोळा संस्कारांची कल्पना त्यांच्या घरातलीच. तिथून सुरुवात कर, समजेल. फरक एवढाच सांग की आमच्या समजुतीने या सातांत करणारा माणूस नसतो, फादरही नसतात. येशू स्वतः करतो. म्हणून फादर कसे आहेत यावर ते अवलंबून नसतं. हे मी तुलाही सांगतेय, “फादर काय म्हणतील” असं लिहिलंस म्हणून.

झगा, बूट, हॉल, जेवण याबद्दल तू विचारलं नाहीस, देवाचे आभार. हल्ली गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स लागतात, त्यावर पोरगी पंख लावून ढगांत उभी, खाली काका-मामांचे फोटो. तसला फ्लेक्स कोणी लावू म्हणालं तर माझं नाव सांगून मोड. पांढरा साधा फ्रॉक, आणि मेणबत्ती बाप्तिस्म्याची जपून ठेवली असेल तर तीच.

या शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर फादरांना गाठ. वेळ मागताना एवढंच म्हण: “माझं लग्न रजिस्टर झालंय, चर्चमध्ये व्यवस्थित करायचं आहे.” पुढचे प्रश्न ते विचारतील. नवऱ्याला पहिल्या भेटीला नेलंच पाहिजे असं नाही.

आणि दाखला आणायला वसईला जाशील तेव्हा लेकीला बरोबर ने. दोघींचा बाप्तिस्मा तिथलाच असणार, तर कचेरीतल्या माणसाला विनंती करून नोंदवहीत तिचं नाव दाखव, मग जुनी वही काढायला सांगून तुझंही. तुझ्या नावाशेजारचा लग्नाचा रकाना कोरा आहे, तोही दाखव. रांगेत का येत नाहीस, याचं उत्तर तिला तिथे वाचता येईल.

– मावशी